दोनशे किलोचा पेशंट

सकाळी सहाला चहा घेऊन मी माशांच्या टाकीसमोर खुर्ची ओढली आणि पहिल्या घोटालाच मला जंत दिसला.

जंतच. दुसरा शब्द माझ्या डोक्यात आला नाही आणि यायचं कारणही नव्हतं. एकतीस वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली. लोकांनी छोट्या डब्यांतून आणून दिलेल्या नमुन्यांत मी काय काय पाहिलंय ते सांगितलं, तर तुमचं आजचं जेवण राहील. लांबट, मऊ, वळवळणारं दिसलं की जंत म्हणून लिहायचं, आणि तिळभरही शंका असेल तर पेशंटकडून पुन्हा नमुना मागवायचा, ही माझी शिस्त. लॅबमधली मंडळी मला पाठीमागे 'रिपीट' म्हणायची. मला ते माहीत होतं. माझ्या पाठीमागे काय चालतं ते मला बहुतेक वेळा माहीत असतं.

टाकीतला दिवा आपोआप दुपारी बाराला लागतो, त्यामुळे सकाळी आत अंधार असतो. मी टॉर्च मारला. दगडाच्या फटीतून बोटभर लांब, गुलाबीसर तपकिरी, दोन्ही अंगांना पांढऱ्या केसांची झालर असलेला एक प्राणी वाळूवर आला होता आणि माशांच्या खाण्यातला उरलेला दाणा ओढून आत नेत होता. उजेड पडताच तो सर्रकन फटीत गेला. टॉर्च दुसऱ्या कोपऱ्यात नेला, तिथे दोन. मधल्या दगडाखाली चार. पुढे मोजायचं मी सोडून दिलं.

ही टाकी आमची नव्हे, लेकीची आहे. दोनशे लिटर खारं पाणी, तळाला वाळू, त्यावर समुद्रातले दगड. केशरी रंगाच्या माशांची एक जोडी, एक पिवळा मासा, एक लाल कोळंबी, पाच-सहा गोगलगायी, आणि झिपरी. झिपरी म्हणजे एक प्रवाळ. तीन तोंडांचं, आणि प्रत्येक तोंडाला हिरव्या टोकांच्या मऊ बोटांचा झुबका, जो पाण्याबरोबर दिवसभर डोलत असतो. लेकीने पहिल्या पगारातून त्याचा अंगठ्याएवढा तुकडा आणला आणि पाच वर्षांत तो ओंजळीएवढा केला. चार महिन्यांच्या ट्रेनिंगला दुसऱ्या शहरात जाताना ती म्हणाली, "बाबा, आमच्या घरी रंगकाम काढलंय, रंगाचा वास झिपरीला चालायचा नाही. तुमच्याकडे ठेवते. बाकी काही मेलं तरी चालेल, झिपरीला जपा."

चार महिने कोणाचं रंगकाम चालतं, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. तो मी गिळला, कारण असले प्रश्न विचारून मी एकदा पस्तावलो होतो. तिचं लग्न ठरलं तेव्हा मी जावयांची चौकशी केली. ऑफिसात केली, त्यांच्या इमारतीच्या वॉचमनकडे केली, आणि ओळखीच्या लॅबमधून त्यांच्या रक्ताचे जुने रिपोर्टही काढून पाहिले. रिपोर्ट उत्तम होते. पण लेकीला कळलं, आणि ती आठ महिने माझ्याशी एक शब्द बोलली नाही. लग्नात फोटोपुरती शेजारी उभी राहिली. त्यानंतर हळूहळू बोलायला लागली ती हवापाण्याचं. माझ्यावर सोपवलेली पहिली वस्तू म्हणजे ही टाकी. तेव्हापासून ती रोज फोन करून मला, फक्त मला, पाण्याचं तापमान विचारायची. टाकीचं काही बरंवाईट झालं तर हा फोन पुन्हा बंद पडणार, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्यामुळे मी डोळ्यांत तेल घालून राखण करत होतो, आणि माझ्या नाकाखाली जंत झाले होते.

मी चिमटा घेतला, बाही वर सारली आणि एक पकडला. तो तुटून अर्धा हातात आला, आणि त्याची झालर बोटात अशी घुसली की दोन दिवस बोट ठणकत होतं. निवृत्त होताना लॅबचा जुना सूक्ष्मदर्शक मी विकत घेतला होता. बायको तेव्हा म्हणाली होती, "आता घरात कोणाचं काय तपासणार आहात?" काचपट्टीवर तो तुकडा ठेवून मी तासभर पाहिला आणि सवयीने कागदावर लिहिलं: नमुना, टाकी. आढळले, जंत. प्रमाण, पुष्कळ.

आता प्रश्न हा, की काचेच्या बंद टाकीत जंत आले कुठून?

मी आणले नाहीत. बायको टाकीला हात लावत नाही, निदान मला तसं वाटत होतं. राहिले जावई. ते दर रविवारी पाणी बदलायला यायचे. माणूस कमी बोलणारा, आणि हसतो ते नेमका चुकीच्या जागी. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी पिशवीतून एक भोकाभोकांचा दगड काढला होता आणि मला न विचारता टाकीत ठेवला होता. "जिवंत दगड आहे, बाबा. टाकीला चांगला असतो," म्हणाले. दगड जिवंत असतो हे मला या वयात कळलं. तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली होती, पण लेकीपायी गप्प बसलो.

त्यातच, दोन दिवसांनी वाळूवर लाल कोळंबी पडलेली दिसली. चिमट्याने उचलली तर आत काहीच नाही. मिशा, पाय, डोळ्यांची टरफलं सगळं जागच्या जागी, आणि आतलं मांस साफ. असं काम कोण करतं ते सांगायला मला पुस्तक लागत नाही.

मी ते टरफल डबीत घातलं आणि मासेवाल्याकडे गेलो. मासेवाला म्हणजे बघायचे मासे विकणारा. त्याचं दुकान म्हणजे निळ्या उजेडाची एक अरुंद बोळकंडी, दोन्हीकडे टाक्या, आणि सतत पाण्याची बुडबुड. मी डबी त्याच्यापुढे ठेवली.

"कात टाकलीय तिने," तो म्हणाला. "कोळंबी आत कुठेतरी लपून बसली असेल. अंग कडक झालं की येईल बाहेर."

"आणि हे?" मी मोबाइलवरचा फोटो दाखवला.

"ब्रिसल वर्म, समुद्रातले केसाळ किडे. असतात ते."

"घालवायचे कसे?"

"कशाला घालवताय? उरलेलंसुरलेलं खातात, वाळू साफ ठेवतात. फार झाले असतील तर तुम्ही खायला जास्त घालताय. कमी घाला, ते आपोआप कमी होतील."

"मी दिवसाला मोजून एक चिमूट घालतो. जंत झालेत जंत, आणि तुम्ही म्हणताय असू द्या."

"जंत नका हो म्हणू काका. गांडूळ म्हणा."

मी त्याला दोनदा विचारलं, काही औषध, पावडर, सापळा. तो म्हणाला, काही घेऊ नका. आता मला सांगा, जो दुकानदार दारात आलेल्या गिऱ्हाइकाला काही घेऊ नका म्हणतो, त्याच्यावर कोण विश्वास ठेवेल? शिवाय निघताना त्याने विचारलं, "तुमचे जावई कसे आहेत?" म्हणजे दोघांची ओळख. पाणी कुठेतरी मुरत होतं.

रविवारी जावई आले. मी नुसतं लक्ष ठेवून होतो. त्यांनी बादल्या लावल्या, मीठ मोजलं, नळी लावली. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या तुमच्या दगडातून काही आलं नसेल ना, जिवंत?"

ते हसले. चुकीच्या जागीच. "आलं असेल थोडंफार. काही करू नका, बाबा. मी बघतो."

"काय बघता?"

"टाकीचं आपलं आपलं चाललेलं असतं. आपण मध्ये पडलो की बिघडतं."

पाणी बदलून झाल्यावर ते स्वयंपाकघरात गेले. मी वर्तमानपत्र घेऊन पॅसेजपर्यंत आलो. आतून बायको हलक्या आवाजात काहीतरी म्हणाली आणि जावई म्हणाले, "नाही हो आई, बाबांना नको सांगायला. उगीच चिडतील." मी आत पाऊल टाकलं. बायको पुसलेला ओटा पुन्हा पुसायला लागली. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिने पुसलेला ओटा दोनदा पुसला की त्यामागे काहीतरी असतं.

मला राग आला तो याचा. माझ्या घरात, माझ्या बायकोशी, माझ्यापासून लपवाछपवी. आणि डाव आता स्पष्ट दिसत होता. टाकी बिघडणार, झिपरी जाणार, लेक विचारणार, टाकी कोणाच्या ताब्यात होती? बाबांच्या. मी लग्नाआधी त्यांची चौकशी केली होती ना, त्याचं हे उट्टं. लग्नानंतर दोन वर्षं माणूस गोड वागून थांबला होता. मला त्यांच्या सोशिकपणाचं कौतुकसुद्धा वाटलं.

सोमवारी सकाळी मी औषधाच्या दुकानातून जंताच्या गोळ्या आणल्या. दुकानदाराने विचारलं, "कोणासाठी?" मी म्हटलं, "घरचाच पेशंट आहे."

डोस काढायला मी टेबलाशी बसलो. मी डॉक्टर नाही, पण डॉक्टरांच्या इतक्या चिठ्ठ्या वाचल्यात की हिशेब मला जमतो. साठ किलोच्या माणसाला एक गोळी. टाकीत दोनशे लिटर पाणी, म्हणजे दोनशे किलोचा पेशंट. सव्वातीनच्या आसपास येत होतं. पण जंत पुष्कळ, केस जुनाट, म्हणून साडेतीन. आठ दिवसांनी दुसरा डोस द्यायचा, हेही कागदावर लिहिलं. गोळ्या खलात कुटल्या, कपभर टाकीच्याच पाण्यात कालवल्या, आणि पंपाच्या तोंडाशी हळूहळू सोडल्या. पाणी थोडा वेळ दुधाळ झालं आणि मग निवळलं. लेकीचा फोन आला तेव्हा मी तापमान सांगितलं आणि म्हटलं, "सगळं एकदम झकास आहे बघ."

मंगळवारी सकाळी टॉर्च लावायची गरजच पडली नाही. आधी वास आला.

वाळूवर ते मरून पडले होते. मला वाटलं होतं पन्नास असतील, साठ असतील. शेकड्यांनी होते. दगडांच्या प्रत्येक भोकातून अर्धे बाहेर लोंबत होते, पांढरे पडून विरघळत होते. गोगलगायी उताण्या. पाणी गढूळ. केशरी जोडी वर येऊन तोंडं उघडून हवेसाठी धडपडत होती. कोपऱ्यात लाल कोळंबी पडली होती, नवी कोरी कात घालून, या वेळी खरोखर मेलेली. आणि झिपरीचे झुबके आत ओढले गेले होते. दोन तोंडं बंद होती, तिसऱ्यातून तपकिरी चिकट काहीतरी सुटत होतं.

एवढे जीव एका टाकीत रोज मुकाट्याने साफसफाई करत होते, आणि मी एका झटक्यात सगळे मारून त्याच पाण्यात सडायला ठेवले होते. मासेवाल्याने सांगितलेला शब्द मी धरला असता तर? गांडुळाला कोणी गोळी देत नाही. जंत म्हटलं की हात आपोआप गोळीकडे जातो.

"जावयांना फोन करते," बायको म्हणाली.

"नको," मी म्हटलं. "ते लगेच तिला कळवतील."

तिने माझं ऐकलं नाही. वीस मिनिटांत जावई आले, ऑफिसच्या कपड्यांत, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन. बूट काढले, बाह्या वर केल्या, टबात ताजं खारं पाणी ओतलं, झिपरीला दगडासकट उचलून त्यात ठेवलं, शेजारच्या बादलीत मासे सोडले. मग जाळीने ते मेलेले किडे काढायला लागले. मी बादली धरून उभा होतो. मला धरण्याशिवाय काही जमत नव्हतं.

बायको दाराशी रडत होती. "माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "मी रोज दुपारी माशांना चार दाणे जास्त घालत होते. काचेशी येऊन माझ्याकडे बघायचे हो, घरात दुसरं कोण आहे बोलायला? पाणी खराब व्हायला लागलं तेव्हा मी जावईबापूंना सांगितलं."

"आईंना तुम्ही ओरडाल म्हणून मी तो दगड आणला," जावई जाळी झटकत म्हणाले. "त्यातले किडे जास्तीचं खाऊन टाकतील, तुम्हाला कळणारही नाही, असं वाटलं. मासेवाल्यानेच दिला होता."

ओट्याचं रहस्य एवढंच होतं. चार दाणे. माझ्या बायकोला चार दाणे घालायला माझ्यापासून लपावं लागत होतं, आणि जावयाला तिला पाठीशी घालावं लागत होतं. मला लाज वाटली, आणि ती कुठे ठेवावी ते कळेना.

जावयांना टेबलावर गोळ्यांचं पाकीट दिसलं. शेजारी खल, आणि माझा कागद. त्यांनी पाकीट उचललं, मागची बाजू वाचली, माझ्याकडे पाहिलं नाही. पाकीट आणि कागद दोन्ही खिशात घातलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. लेकीचा, व्हिडिओ कॉल. माझे हात ओले होते, म्हणून जावयांनी उचलला.

"तू कसा काय बाबांकडे?" तिचा आवाज आला. आणि मग, "टाकी अशी का दिसतेय? झिपरी कुठाय?"

"ऐक," जावई म्हणाले. "काल रात्री पंप बंद पडला. रविवारी मी नीट बसवला नव्हता. चूक माझी आहे."

माझ्या मनात पहिला विचार आला तो हा: यात यांचा काय फायदा? खरं सांगतो. माणूस माझं पाप स्वतःच्या डोक्यावर घेत होता आणि मी त्याचा हेतू शोधत होतो. शोधला, आणि सापडला नाही.

लेक त्यांना बोलायला लागली. तुला एकच गोष्ट सांगितली होती. पाच वर्षं वाढवलं मी ते. तुझं लक्ष कशातच नसतं, घरात नाही, माझ्यात नाही. जावई खाली मान घालून ऐकत होते. ती माझीच लेक आहे, एकदा सुरू झाली की जुनं सगळं काढते. मी बादली खाली ठेवली आणि फोनसमोर जाऊन उभा राहिलो.

"पंप चांगला आहे," मी म्हटलं. "मी टाकीत औषध घातलं. यांचा काही संबंध नाही."

ती डोळे बारीक करून म्हणाली, "बाबा, तुम्ही याला वाचवायला बोलताय."

"नाही."

"त्याने तुम्हाला असं बोलायला सांगितलं का? खरं सांगा. तुम्ही दोघं मिळून माझ्यापासून काय लपवताय?"

तो आवाज मी ओळखला. एकतीस वर्षं लॅबमध्ये आणि एकेचाळीस वर्षं घरात मी त्याच आवाजात बोलत आलोय. खरं बोलणाऱ्याला तो कसा लागतो, ते मला आज पहिल्यांदा कळलं.

"जंताच्या गोळ्या घातल्या," मी म्हटलं.

"किती?"

"साडेतीन."

मला दिसत होतं, ती मनात भागाकार करत होती. "वजनावरून काढलंत?" तिने विचारलं.

"हो. दोनशे किलो."

आता तिने विश्वास ठेवला. जगात दुसऱ्या कोणाच्या डोक्यात टाकीचं वजन आलं नसतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिचा चेहरा पडला, आणि मग त्यावर काहीच उरलं नाही. लग्नाच्या आधी, ते रक्ताचे रिपोर्ट माझ्या कपाटात सापडले तेव्हा तिचा चेहरा असाच झाला होता. मला वाटलं, झालं. आता फोन ठेवेल, आणि या वेळी आठ महिन्यांवर भागणार नाही.

मी हलक्या आवाजात जावयांना म्हटलं, "कशाला खोटं बोललात?"

"माझ्यावर चिडली तर चार दिवसांत बोलते," ते तेवढ्याच हळू म्हणाले. "तुमच्यावर चिडली की बोलत नाही. मग रोज घरी रडते."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या आठ महिन्यांत मी एकटाच झुरतोय असं धरून चाललो होतो.

फोन चालू होता. ती बोलत नव्हती आणि ठेवतही नव्हती. जावयांनी फोन टबाकडे वळवला. झिपरीची दोन तोंडं तशीच बंद होती. तिसऱ्यातून हिरवं टोक एकच, तांदळाएवढं, बाहेर आलं होतं, किंवा मला तसं वाटलं. मी पुन्हा पाहिलं. खात्री देता येत नव्हती.

मग तिचा आवाज आला. जावयांना उद्देशून.

"बाबा आहेत का तिथे?"

"आहेत," जावई म्हणाले. मी हाताच्या अंतरावर होतो.

"त्यांना म्हणावं, पाणी हलतं ठेवायचंय. हाताने. पंप टबात मावणार नाही. मी सांगेपर्यंत हलवत राहायचं, उठायचं नाही."

जावयांनी माझ्याकडे वळून, मला ऐकूच गेलं नसेल अशा थाटात सगळं पुन्हा सांगितलं. "बाबा, ती म्हणतेय, हाताने पाणी हलवत राहा. उठू नका."

मी टबाशी जमिनीवर बसलो आणि हात पाण्यात घातला.

"नाही उठत म्हणावं," मी म्हटलं.